परभणी, बस खाली!

मोती, राजा, टायगर आणि टॉमी यांची सद्दी संपली. पुण्या-मुंबईतल्या सोसायट्यांच्या आवारात आता संध्याकाळी पॅरिस पार्किंगमधल्या चाकाशी पाय वर करून उभा असतो, मिलान लिफ्टमध्ये भुंकतो आणि रिओ वॉचमनच्या डब्यातली चपाती पळवतो. पिल्लू घरी यायच्या आधी नाव ठरवायला मंडळी बसली, की ‘आपल्या आवडत्या शहराचं नाव ठेवू या’ ही सूचना हल्ली हमखास येते आणि सगळ्यांना ती फार सुसंस्कृत वाटते. कुत्र्याला नाव मिळतं आणि घरच्यांना भूगोल येतो हे शेजाऱ्यांनाही कळतं. या सदराचं म्हणणं एवढंच, की यात आवडीचा भाग फार थोडा आहे. माणूस कुत्र्याला आवडत्या शहराचं नाव देत नाही. ज्या शहरातून कोणी जाब विचारायला दारात येणार नाही, त्या शहराचं देतो.

आवडच मोजायची तर गावावर मराठी माणसाइतका जीव टाकणारा दुसरा कोण आहे? आपण गाव आडनावात घालून पिढ्यान् पिढ्या मिरवतो. सातारकर ठाण्यात जन्मतो, ठाण्यात निवृत्त होतो, साताऱ्याला फक्त कंदी पेढ्यांपुरता ओळखतो, तरी सातारकरच राहतो. कोल्हापूरकराला त्याच्या गावाबद्दल दोन मिनिटं बोला म्हटलं, तर तांबड्या रश्श्यापासून रंकाळ्यापर्यंत पोचायलाच त्याला तास लागतो. पुणेकराला तर बोला म्हणावंही लागत नाही. एवढं प्रेम खरोखर नावात उतरत असतं, तर राज्यात गल्लोगल्ली कोल्हापूर आणि सातारा शेपट्या हलवत फिरायला हवे होते. परभणीचं तर मोठंच आश्चर्य. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आपण छाती फुगवून म्हणतो. त्यातल्या जर्मनीच्या नावाचा शेफर्ड देशोदेशींच्या पोलिसांत चाकरी करतो आणि परभणीच्या नावाचं साधं पिल्लूही ऐकिवात नाही.

याचं कारण कुत्र्याच्या नावाचा उपयोग कशासाठी होतो त्यात आहे. मुलाचं नाव बारशाला, हजेरीपटावर आणि लग्नपत्रिकेत मानानं येतं. कुत्र्याचं नाव दिवसातून पन्नास वेळा, चढ्या आवाजात आणि बहुतेक वेळा संतापानं घेतलं जातं. सकाळी सातची वेळ, लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबलेली, आत दूधवाला, शाळेचा गणवेश घातलेली दोन मुलं आणि सोसायटीचे सेक्रेटरी. दार मिटता मिटता कोपऱ्यातल्या पायपुसण्यावर व्हायचं ते होतं आणि मालक ओरडतात, “सिडनी! शी! किती वेळा सांगायचं तुला?” सेक्रेटरी रुमाल नाकाला लावतात, पण सिडनीचा अपमान झाला असं कोणाच्याही मनात येत नाही. आता याच वाक्यात सिडनीच्या जागी आपल्या जिल्ह्याचं ठिकाण घालून बघा. मोठ्यानं नको, मनातच. लिफ्ट तळमजल्यावर पोचेपर्यंत व्हिडिओ फिरलेला असेल आणि दुपारपर्यंत अस्मिता दुखावलेले पंधरा जण गेटवर घोषणा देत उभे असतील. त्यांतले निदान पाच जण त्या जिल्ह्यात कधी गेलेले नसतील, पण आडनाव तिथलं असेल.

अतिशयोक्ती वाटत असेल तर अमेरिकेच्या माजी अध्यक्षांची मांजर आठवावी. जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या घरी एक काळी मांजर होती, तिचं नाव इंडिया. टेक्सास रेंजर्सकडून खेळणाऱ्या रुबेन सिएरा या बेसबॉलपटूला ‘एल इंदिओ’ म्हणत, त्यावरून ते ठेवलेलं. आपल्या देशाशी त्याचा सुतराम संबंध नव्हता. तरी व्हाइट हाउसात इंडिया नावाची मांजर आहे हे कळल्यावर इथे निषेध झाला आणि काहींनी आपल्या कुत्र्याचं नाव बुश ठेवून हिशेब चुकता केल्याच्या बातम्याही आल्या. या फिटंफाटीत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. प्राण्याला एखाद्याचं नाव देणं हा अपमानच, यावर इथे कोणालाच शंका नव्हती. त्याच आपल्या देशात पॅरिस नावाचा पग मात्र प्रेमाचं प्रतीक ठरतो.

साहेबाच्या देशात तरी हा प्रकार प्रेमातून सुरू झाला असेल म्हणावं, तर वॉटर्लूच्या लढाईत ड्यूक ऑफ वेलिंग्टन ज्या घोड्यावर बसले होते त्याचं नाव होतं कोपनहेगन. याच शहरावर ब्रिटिशांनी 1807 मध्ये तोफा डागल्या होत्या, त्या मोहिमेत वेलिंग्टन स्वतः होते आणि घोड्याचं नाव त्यावरून पडलं. समोरच्या बाजूला नेपोलियनच्या घोड्याचं नाव मरेंगो, तेही 1800 मध्ये जिंकलेल्या लढाईवरून. म्हणजे त्या सेनापतींनी निदान त्या गावापर्यंत जाऊन यायचे कष्ट तरी घेतले होते. आपल्याकडचा पॅरिस मात्र शेंगेन व्हिसा नाकारल्याचं पत्र आलं त्याच महिन्यात घरी आलेला असू शकतो.

इथे कोणी म्हणेल, की कुत्रा हीन ही समजूतच आपली नव्हे. दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्रे असतात आणि ते चार वेद मानले जातात. खंडोबाबरोबर कुत्रा असतो. कोरडी भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले. बरोबरच्या कुत्र्याला सोडून युधिष्ठिरानं स्वर्गात पाऊल टाकायला नकार दिला. मग अशा संस्कृतीत कुत्र्याला सातारा म्हटलं तर साताऱ्याचा मानच वाढेल. युक्तिवाद बिनतोड आहे, पण तो तसबिरीतल्या कुत्र्याला लागू पडतो, दारातल्या नाही. दारातल्यासाठी आपल्याकडे वाकडं शेपूट आहे, कुत्रं हाल खाणार नाही अशी भविष्यवाणी आहे आणि विरोधी पक्षाचा नेता बोलला तर तो ‘भुंकला’ असं म्हणायची सोय आहे. चार वेदांना नमस्कार करून बाहेर पडलेला भक्त त्याच देवळाच्या पायरीवर झोपलेल्या पाचव्याला हाड् म्हणतो. युधिष्ठिराचा दाखला देणाऱ्यानं आधी आपल्या तालुक्याचं नाव आपल्या पिल्लाला देऊन दाखवावं, मग स्वर्गाचं बोलू.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. शहराचं नाव सजीवाला देणं ही मराठी घरातली जुनीच रीत नाही का? काशी, मथुरा, द्वारका, गया ही नावं आपल्या पणज्यांचीच होती. काशीबाई कानिटकर मराठीतल्या आरंभीच्या कादंबरीकार, आणि त्यांचं नाव म्हणजे शहराचंच. हे मान्य. उलट यातून मुद्दा पक्काच होतो. जिथे जाणं आयुष्यात एकदा तरी घडावं असं वाटे आणि बहुतेकांना ते घडत नसे, त्या क्षेत्राचं नाव लेकीला देत. तिला दिवसभर हाका मारताना घरबसल्या नामस्मरण होई, पुण्यही थोडं पदरात पडे. हल्लीची क्षेत्रं बदलली. काशीची जागा पॅरिसनं घेतली, द्वारकेची दुबईनं. पण नव्या क्षेत्राचं नाव आपण मुलीला देत नाही, कुत्र्याला देतो. नव्या तीर्थावरची आपली श्रद्धा किती खोल आहे, हे यावरून कळावं. जुनी काशी निदान घराची लेक तरी होती.

खरं तर कुत्र्याला आणखी भूगोलाची गरजच नाही. जातीच्या नावातच त्याच्या गळ्यात एक पत्ता अडकवलेला असतो आणि तो बहुधा चुकीचा असतो. लॅब्राडोरचे पूर्वज लॅब्राडोरचे नव्हेत, शेजारच्या न्यूफाउंडलंडचे. ग्रेट डेन डेन्मार्कचा नव्हे, जर्मनीचा. आपल्याकडे ‘पामेरियन’ म्हणून लाडावलेली पांढरी लोकरीची गुंडी बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असते आणि पॉमेरेनिया नावाचा प्रदेश आता पोलंड आणि जर्मनीत वाटला गेलेला आहे, हे तिला कोणी कळवलेलं नसतं. सगळ्यांत मोठा अन्याय झाला तो जर्मन शेफर्डवर. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांना ‘जर्मन’ हा शब्दच सहन होईना, म्हणून 1919 मध्ये तिथल्या केनेल क्लबनं या कुत्र्याची नोंद अल्सेशियन म्हणून केली. जर्मनीच्या सीमेवरच्या, नुकत्याच फ्रान्सच्या ताब्यात आलेल्या अल्सासवरून हे नाव दिलेलं. मूळ नाव परत मिळायला 1977 उजाडलं. तिकडे दोस्ती झाली तरी आपले काका-मामा अजून त्याला अल्सेशियनच म्हणतात. साठेक वर्षं एका कुत्र्याच्या नावावरून दोन देशांचा अबोला चालला आणि कुत्रा तेवढ्या काळात इमानेइतबारे दोन्हीकडच्या चोरांना चावत राहिला.

आपल्या बाजूलाही एक पत्त्याचा कुत्रा आहे, मुधोळ हाउंड. मुधोळ आज कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात येतं, पण ते संस्थान मराठी घोरपड्यांचं आणि त्यांनी ही जात जोपासली. सीमाप्रश्नाचा विचार करता हा कुत्रा कोणाचा यावर अजून आयोग बसला नाही, हेच नवल. आपल्या खेड्यांतले लोक मात्र शहाणे. ते त्याला कारवान म्हणतात आणि वादातून मोकळे होतात. बंगल्यात आल्यावर याच कारवानचं नाव ब्रुकलिन होतं.

राहता राहिला व्यवहाराचा मुद्दा. कुत्र्याला नावाचा अर्थ कळत नाही, त्याला आवाज ओळखीचा हवा, मग काहीही ठेवा, काय बिघडलं? बिघडतं असं, की हल्ली शहराचं नाव कुत्र्याएवढंही टिकत नाही. कझाकस्तानची राजधानी 1998 पासून अस्ताना, 2019 मध्ये नूर-सुलतान आणि 2022 मध्ये पुन्हा अस्ताना. कुत्रा दहा-बारा वर्षं जगतो. 2018 मध्ये जन्मलेल्या अस्तानाला चार वर्षांत राजपत्र बघून दोनदा नाव बदलावं लागलं असतं. आपल्या राज्यात तर हा मुद्दा जास्त तपशिलात जाऊन मांडणं प्रकृतीला बरं नाही.

या सगळ्यात ज्याला शहराचं नाव खरोखर शोभेल, त्याला मात्र कोणी नावच ठेवत नाही. रस्त्यावरचा काळ्या किंवा पांढऱ्या आपल्या वॉर्डातली कचराकुंडी, खाटकाचं दुकान आणि रात्री उशिरा येणारी प्रत्येक दुचाकी ओळखतो. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार त्याला पकडून नसबंदी करायची, लस टोचायची, कानाला खूण करायची आणि जिथून उचलला तिथेच परत सोडायचा. शाळा, रुग्णालयं, स्थानकं अशा जागांपुरता 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं यात बदल केला, पण मूळ कल्पना तीच. म्हणजे भाड्याच्या करारनाम्याशिवाय कायद्यानं मानलेला स्थानिक रहिवासी या शहरात हा एकटाच. पुण्यातल्या धायरीचा हा पक्का नागरिक काळ्या राहतो आणि त्याच धायरीत अठराव्या मजल्यावरून खाली बघत त्याच्यावर भुंकणारा होतो व्हिएन्ना. नावांची अदलाबदल सुचवावी, तर काळ्याची काही हरकत नसेल. व्हिएन्नाच्या मालकांची असेल.

ती हरकत त्यांनी पुढच्या वर्षी परवाना काढताना महापालिकेच्या खिडकीवरही नोंदवून पाहावी. अर्जात नावाच्या रकान्यात ‘व्हिएन्ना’ आणि पत्त्याच्या रकान्यात ‘धायरी’ लिहिलेलं बघून कारकून मान वर करणार नाही. तो रेबीजची लस टोचल्याचा दाखला मागेल आणि झेरॉक्स समोरच्या दुकानातून काढून आणा म्हणेल.