पुढे सरका, मागे सरका

मॅन्ली, सिडनी
१६ फेब्रुवारी

ती. आई-बाबांस,


आई, परवा फोनवर तू विचारलंस, "कमरेला काय झालं?" आणि मी "जरा अवघडलीय" म्हणून विषय बदलला. खरं कारण पत्रात लिहितोय, म्हणजे तुला मधे बोलता येणार नाही. मी, मीनल आणि ऋता, आम्ही तिघं गेले चार रविवार सर्फिंग शिकतोय. पाण्यात फळी टाकायची, तिच्यावर पालथं पडायचं, लाट आली की उठून उभं राहायचं आणि थेट किनाऱ्याला लागायचं. किनाऱ्याला मी दर वेळी लागतो. फक्त फळी आधी पोचते, मी मागाहून.

माझी फळी ९ फुटी, फोमची, निळी. आमचे मास्तर म्हणजे विशीतलं पोरगं. मला 'मेट' म्हणतं. त्यानं पहिला अर्धा तास वाळूवरच पालथं पाडलं. फळीच्या मधोमध उभी रेघ असते, तिच्यावर बेंबी यायला हवी. जरा डावी-उजवीकडे कललात की फळीही कलते. माझ्या बाबतीत बेंबी मधोमध आली तरी बाकीचं पोट कुठल्या बाजूला जाईल याची खात्री नसते. असो.

बाबा, खरी गंमत पुढे आहे. मी कितपत पुढे झोपायचं, हा प्रश्न होता. तुम्ही ३१ वर्षं कंडक्टर म्हणून सावंतवाडी आगाराच्या गाड्यांतून एकच मंत्र म्हणत आलात, "पुढे सरका, पुढे मोकळं आहे!" तो माझ्या रक्तात आहे. मी सरकलो पुढे. लाट मागून येते तेव्हा फळीचं शेपूट उचलते, सगळी फळी उतारावर आल्यासारखी होते. त्यात माझे ८४ किलो पुढे. फळीनं नाक पाण्यात खुपसलं, शेपूट आकाशात गेलं आणि मी तिच्यावरून पलीकडे. नाकातोंडात इतकं पाणी गेलं की मंगळवारी ऑफिसात वाकून पेन उचललं तेव्हा नाकातून प्रशांत महासागर बाहेर आला.

मग मी मागे सरकलो, पार शेपटाशी. आता नाक वर, शेपूट पाण्यात रुतलेलं. हातांनी कितीही वल्हवलं तरी फळी जागची हलेना. लाट आली, खालून निघून गेली. हात केला तरी न थांबता गेलेल्या एशियाड गाडीकडे माणूस बघतो, तसा मी तिच्याकडे बघत राहिलो. शेवटी पोरानं मेणाची रेघ मारून दिली: छाती इथे. तिथे झोपलं की फळीचं टोक पाण्याच्या दोन-तीन बोटं वर राहतं. एवढ्या अफाट समुद्रात सगळा खेळ वीतभर जागेचा आहे!

इथून जवळच फ्रेशवॉटरचा किनारा आहे. हवाईचा ड्यूक कहानामोकू, १९१२च्या ऑलिम्पिकमधला पोहण्याचा सुवर्णविजेता, तिथे आला होता. त्यानं स्वतःच्या हातानं पाइनची फळी तासली आणि १९१५मध्ये १५ वर्षांच्या इझाबेल लेथमला आपल्या पुढ्यात घेऊन लाटेवर उभा राहिला. म्हणजे डबलसीट! मी मीनलला विचारलं, आपण जाऊया का तसं? ती म्हणाली, आधी सिंगल जमू दे.

तिचं वेगळंच. पोरानं तिला डोळे मिटायला लावून उभं केलं आणि मागून हलकेच ढकललं. जो पाय आपसूक पुढे पडेल, तो फळीवर पुढे. बहुतेकांचा डावा पडतो, तिचा उजवा पडला. अशांना इथे 'गूफी' म्हणतात. ही शिवी नाही हे तिला पटवण्यात परतीची अख्खी वाट गेली.

उभं राहताना मी गुडघे ताठ ठेवून कमरेत वाकतो. तसा फोटो मीनलकडे आहे. ग्रुपवर टाकणार नाही म्हणालीय. पोरगं ओरडतं, "गुडघे वाकव, पायाकडे बघू नकोस, जायचंय तिकडे बघ!" आणि गेल्या रविवारी मला एकदम आंबोली घाट दिसला. गाडी वळणावर आडवी होतेय, प्रवासी दांड्याला लोंबकळतायत, आणि तुम्ही मधल्या वाटेत, पाय फाकून, गुडघे सैल, एका हातात तिकिटांची पेटी, दुसऱ्यात चिमटा, कशालाही न धरता सुटे पैसे मोजताय. नजर समोरच्या काचेतून पुढच्या वळणावर. मी तसाच उभा राहिलो. बाबा, सहा सेकंद! ऋतानं मोजले. ती स्वतः पहिल्याच दिवशी उभी राहिली होती, पण नऊ वर्षांच्या पोरांना पडायला उंचीच कुठे असते!

आई, काळजी करू नकोस. पोहणाऱ्यांसाठी लाल-पिवळी निशाणं लावलेली असतात, आम्ही त्यांच्या बाहेर आणि कमरेइतक्याच पाण्यात असतो. पडताना सूर मारायचा नाही, आडवं पडायचं आणि वर येताना हात डोक्यावर धरायचे. फळी पायाला पट्ट्यानं बांधलेली असते, त्यामुळे ती हरवत नाही. परत येऊन डोक्यातच बसते.

ऋताला तुमच्या गोष्टी सांगितल्यापासून ती माझी फळी ढकलताना "टिंग टिंग" करते. मी तोल जाऊन हात फिरवू लागलो की एकदाच "टिंग".

तुमचा,
बाळू

ता. क. बाबा, घाटात तुमचा कुठला पाय पुढे असायचा? मीनलला हवंय. गूफी निघालात तर तिला फार बरं वाटेल.