पेठांतर-पराभव-कारणमीमांसा

पराभव ही घटना होय. पराभवाचे कारण ही निर्मिती होय. पंचांची अखेरची शिट्टी वाजताच पराभव पूर्णत्वास जातो व त्यात पुढे काडीचीही भर घालता येत नाही. कारण मात्र त्याच शिट्टीच्या पोटी जन्मते, वाढते, प्रवास करते आणि बहुधा मूळ पराभवाच्या स्मृतीहून दीर्घायुषी ठरते. असे असता आजवरच्या अभ्यासकांनी आपले सर्व बळ गोलसंख्येवर वेचले व कारणाकडे पाठ फिरवली, ही आपल्या विद्याक्षेत्रातील खेदजनक उणीव आहे. प्रस्तुत निबंध तिच्या निरसनार्थ आहे.

अभ्यासविषय म्हणून कोल्हापुरातील मंगळवार पेठेची पाटाकडील तालीम आणि रविवार पेठेची दिलबहार तालीम यांच्या संघांत राजर्षी शाहू स्टेडियमवर वर्षानुवर्षे घडत आलेला पादकंदुक-संग्राम निवडला आहे. लोकव्यवहारात त्यास ‘पीटीएम-दिलबहार’ एवढेच म्हणतात. हंगामाच्या साखळीत गाठ पडते. बाद पद्धतीच्या एखाद्या चषकात पुन्हा पडली तर ते संशोधकाचे भाग्य. यातील खेळाडूंना व्यावसायिक म्हणावे की हौशी, याविषयी मतभेद संभवतो. समर्थक पूर्णवेळ आहेत, याविषयी संभवत नाही.

निरीक्षणस्थान म्हणून श्रीक्षेत्र नृसिंहवाडी का निवडले, याचा खुलासा आवश्यक आहे. कोल्हापूरच्या घाटाला लागून वाहणारी पंचगंगा वाडीस कृष्णेला मिळते; आणि कोल्हापूरचा पराभूत समर्थकही पहिल्या सवडीच्या गुरुवारी वा पौर्णिमेस वाडीसच येतो. श्रीनृसिंहसरस्वतींच्या १२ वर्षांच्या वास्तव्याने पावन झालेल्या या क्षेत्री तो पादुकांचे दर्शन घेतो, औदुंबराला प्रदक्षिणा घालतो आणि नंतर पेढ्यांच्या दुकानासमोरील बाकावर बसून कारण सांगतो. मैदानावरील कारण कच्चे असते. पक्व कारणाचा अभ्यास करावयाचा तर तो वाडीसच करणे इष्ट.

प्रथम इतिहास. कोल्हापूरच्या तालमी मुळात मल्लविद्येच्या. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीस आश्रय दिला, खासबागेचे मैदान उभारले आणि नगरीत लाल मातीचे युग अवतरले. परंतु कुस्ती हे कारणनिर्मितीच्या दृष्टीने नापीक क्षेत्र आहे. चितपट झालेल्या मल्लाच्या पाठीस लागलेली माती हा एवढा निर्णायक पुरावा असतो की, त्यापुढे वाणी खुंटते. पादकंदुकात बावीस जण धावतात, पराभव अकरांत विभागला जातो आणि कोणाच्याच पाठीस निर्णायक माती लागत नाही. याच मोकळ्या जागेत कारण रुजले. तालमींनी कुस्तीसोबत हा खेळही जवळ केला यामागे इतिहासकार राजाश्रयादी हेतू सांगतात. आमच्या मते बोलण्यास वाव मिळावा, हाही हेतू दुर्लक्षणीय नाही.

व्याख्या : पराभूत पक्षाच्या समर्थकाने स्वसंघाचा खेळ वगळून अन्यत्र कोठेही शोधलेला हेतू म्हणजे कारण.

प्रथम नियम, अर्थात अंतरनियम : कारणाचे गांभीर्य मैदानापासूनच्या अंतराच्या सम प्रमाणात वाढते. स्टेडियमच्या पायऱ्यांवर ते क्रोधरूप असते, हातकणंगल्यास युक्तिरूप, जयसिंगपुरास आकडेरूप, शिरोळास खेदरूप आणि वाडीस तत्त्वरूप होते. सुमारे ४५ ते ५० किलोमीटरांचा हा एस.टी.चा मार्ग म्हणजे कारणाचे पंचविध संस्कारच होत.

आता प्रकार.

१. पंचकारण. हे सर्वांत प्राचीन व सर्वांत अविकसित. गोल होऊन चेंडू जाळ्यातून परत येण्यापूर्वीच ते उच्चारले जाते. याचे तीन उपभेद. दृष्टिदोषजन्य पंचकारणात पंचांना दिसत नाही असे प्रतिपादन असते. स्थानदोषजन्यात पंचांना दिसते, परंतु ते चेंडूपासून फार मागे राहिलेले असतात. तिसरा, वंशजन्य उपभेद, हा कोल्हापुरी प्रज्ञेचा खास आविष्कार. “मावशी तिकडंच दिलीया की त्यांची!” हे त्याचे आर्ष रूप. यासाठी समर्थकास पंचांच्या दोन पिढ्यांची सोयरीक तोंडपाठ असावी लागते, आणि ती असते. उभय पेठांत मिळून एवढे विवाहसंबंध आहेत की, कोणत्याही पंचांची कोणती ना कोणती मावशी विरुद्ध पेठेत सापडतेच. हीच मावशी पुढील वर्षी, निकाल उलटा लागल्यास, दुसऱ्या पक्षाच्याही उपयोगी पडते. तिला स्वतःला खेळात स्वारस्य असल्याचे कोठेही नोंदलेले नाही.

२. भूमिकारण. याचे मूळ भूगर्भात आहे. आज जेथे शाहू स्टेडियम आहे तेथे पूर्वी रावणेश्वर तळे होते, ही ऐतिहासिक वस्तुस्थिती आहे. तळे बुजले, त्याचे पाणी बुजले की नाही, हा वादाचा मुद्दा. पराभूत पक्षाच्या ज्येष्ठ समर्थकांच्या मते एका विशिष्ट कोपऱ्यात खाली अद्याप ओल आहे व तेथे आपल्या बचावपटूचा पाय रुततो. मध्यंतरानंतर बाजू बदलतात, म्हणजे प्रतिपक्षालाही तोच कोपरा मिळतो, हा आक्षेप आम्ही नम्रपणे मांडून पाहिला. उत्तर मिळाले : “उत्तरार्धात पाणी सरकतंय.” भूजलशास्त्राने या विधानाची अद्याप दखल घेतलेली नाही.

३. आगंतुककारण. अलीकडच्या काळात कोल्हापूरच्या संघांतून नायजेरियादी आफ्रिकी देशांचे खेळाडू उतरू लागले, तेव्हापासून हा प्रकार प्रचारात आला. “त्यांचा परदेशी आला” आणि “आमचा परदेशी आला न्हाई” ही त्याची दोन परस्परपूरक सूत्रे होत. आपला परदेशी येऊनही पराभव झाल्यास तांबड्या रश्श्याचे उपसूत्र लागू होते, ज्यानुसार त्यास आदल्या रात्रीचे आतिथ्य बाधलेले असते. या उपसूत्रात कारण आणि पाहुणचाराचा अभिमान एकाच वाक्यात साधतात, म्हणून आम्हास ते विशेष प्रिय आहे.

४. आकृतिकारण. खेळाडूंच्या मांडणीवर दोष ठेवणारा हा प्रकार वंगदेशीय आहे. १३ जुलै १९९७ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर १ लाख ३० हजारांहून अधिक प्रेक्षकांसमक्ष ईस्ट बंगालने मोहन बागानचा ४-१ असा पराभव केला. बायचुंग भुतियाने त्यात तीन गोल केले, आणि मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांची बहुचर्चित हिरकाकृती रचना एका दुपारीत कारणपदास पोहोचली. कोल्हापुरात हा प्रकार फारसा रुजला नाही. येथे आकृतीपेक्षा मावशी अधिक विश्वसनीय मानली जाते.

५. प्रेक्षककारण. आमच्या अल्पमतीनुसार या शास्त्राचे हे शिखर होय. यात पराभवाचा हेतू मैदानात नसून गॅलरीत असतो. प्रेक्षकांपैकी कोणी नेहमीची जागा सोडली, कोणी मागील विजयाच्या दिवशीचा सदरा धुऊन आला, कोणी ऐन मोक्याला शेंगदाणे आणावयास उठला, आणि गोल झाला. “मधनंच कोण उठलं रं?” या प्रश्नाने शोधकार्यास आरंभ होतो. जो सापडतो त्यास शास्त्रात उत्थानदोषी म्हणतात. त्याच्यावर पुढील सामन्यापर्यंत मौन बहिष्कार असतो. शेंगदाणे मात्र वाटून खाल्ले जातात. याहून सूक्ष्म असा अनुपस्थितिदोष असतो. तो स्वतःच स्वतःवर घ्यावयाचा. “मी त्या दिवशी लग्नाला गेलतो, म्हणून” असे वाडीच्या बाकावर बसून सांगणाऱ्या गृहस्थाच्या मुद्रेवर जे तेज असते, ते विजयी कर्णधाराच्या मुद्रेवरही आढळत नाही. सामन्याचा निकाल आपल्या हातात होता, हे त्यास पराभवामुळेच कळलेले असते.

६. दैवकारण. शिरोळ ओलांडल्यावर वरील पाचही प्रकार क्रमशः विरतात आणि “आपली वेळच न्हवती” एवढे एकच विधान उरते. ते उच्चारताना समर्थकाच्या हातात बहुधा कवठाच्या बर्फीचा पुडा असतो. याच टप्प्यावर पुढील वर्षासाठी नवस बोलला जातो. यातून उद्भवणारा पेच गंभीर आहे : दोन्ही पेठांचे नवस एकाच सामन्यासाठी, एकाच पादुकांपाशी पोहोचतात. बरोबरी हा त्यावरील एकमेव निर्दोष निकाल ठरावा. परंतु बाद पद्धतीत टायब्रेकरची योजना करून मनुष्याने तीही वाट बंद केली आहे. टायब्रेकरमधील पराभवाचे कारण प्रवास न करता जागच्या जागीच दैवरूप होते, म्हणून त्यास आम्ही अकालप्रौढ म्हणतो. अशा कारणास चव नसते.

या प्रकारांच्या अन्वयार्थावरून दोन पंथ पडले आहेत. उगमवादी म्हणतात की, कारण मैदानावरच पूर्ण असते. पुढील प्रवासात त्यात केवळ गाळ मिसळतो. प्रयाग चिखली येथे कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती एकत्र येऊन पंचगंगा सिद्ध होते, तिला सिद्ध होण्यासाठी वाडीची गरज नाही, हा त्यांचा दृष्टान्त. संगमवाद्यांचे म्हणणे असे की, कारण एकट्या पेठेत पूर्ण होऊच शकत नाही. विरुद्ध पेठेचा मनुष्य शेजारी बसून ते ऐकेपर्यंत ते साधकावस्थेतच असते. आमचे वजन संगमवाद्यांच्या पारड्यात आहे, कारण विजयी पेठेचा भाविक पराभूताचे बोलणे ऐकता ऐकता बासुंदीची वाटी पुढे सरकवून “पंच जरा चुकलंच म्हणा” असे म्हणतो, हे दृश्य वाडीत दुर्मीळ नाही. स्टेडियमच्या पायऱ्यांवर हेच वाक्य उच्चारण्यास पोलीस बंदोबस्त लागला असता. उगमवादी यास सौजन्य म्हणतात. त्यांना शास्त्रदृष्टी नाही.

अंतरनियमाची पडताळणी परदेशी पुराव्यानेही होते. स्कॉटलंडमधील डंडी नगरीत डंडी आणि डंडी युनायटेड या दोन संघांची मैदाने एकाच रस्त्यावर, काही शे पावलांच्या अंतराने आहेत. पराभूत समर्थकास घरी जाताना विजेत्याचे दार ओलांडावे लागते. कारण शिजण्यास अवकाशच नाही. तेथील वाङ्मय पंचकारणापलीकडे गेले नसावे, असा आमचा तर्क आहे. लिव्हरपूलचे प्रकरण अधिक बोधप्रद. तेथील अॅनफिल्ड मैदान मुळात एव्हर्टनकडे होते. मैदानाच्या भाड्याच्या वादातून १८९२ मध्ये एव्हर्टन गुडिसन पार्ककडे गेला आणि रिकाम्या मैदानासाठी लिव्हरपूल हा नवा संघच काढण्यात आला. शतकाहून अधिक काळ दोघांमध्ये जेमतेम एका उद्यानाचे अंतर होते. २०२५ मध्ये एव्हर्टनचा संघ नदीकाठच्या गोदीतील नव्या मैदानावर गेला. अंतर वाढले, आणि नदीही आली. येत्या काही वर्षांत तेथील कारणांत तत्त्वरूपाकडे झुकणारी लक्षणे दिसल्यास अंतरनियम सिद्ध झाला असे मानण्यास प्रत्यवाय नसावा. त्या नदीकाठी कवठाची बर्फी मिळत नाही, ही मर्यादा ध्यानात ठेवलेली बरी.

ऋतुमानाचाही विचार कर्तव्य आहे. पाऊस सुरू झाला की मैदान थांबते. पंचगंगा व कृष्णा चढू लागतात, वाडीत पाणी मंदिरात शिरून पादुकांवरून दक्षिणद्वाराने बाहेर पडते आणि त्या स्नानासाठी भाविकांची दाटी होते. या काळात नवे पराभव उपलब्ध नसल्याने जुन्या कारणांचे पारायण चालते. निरीक्षणान्ती असे आढळले की, श्रावणापर्यंत निकालातील गोलसंख्येविषयी मतभेद सुरू होतात, भाद्रपदात गोल कोणी केला हे विस्मरणात जाते आणि अश्विनात केवळ मावशी उरते.

७. स्वीकृती. हा प्रकार केवळ पूर्णतेसाठी नोंदवीत आहोत. “त्यांनी चांगलं खेळलं” एवढेच त्याचे रूप. याचा एकच नमुना आमच्या संग्रहात आहे. तो एका पौर्णिमेस, घाटाच्या पायरीवर, पराभूत पेठेतील म्हणवणाऱ्या एका मध्यमवयीन गृहस्थांकडून प्राप्त झाला. उगमवाद्यांनी तो अस्सल मानला आहे. संगमवाद्यांनी चौकशी केली असता सदर गृहस्थ सांगलीचे निघाले, आणि पेठेशी त्यांचा संबंध जावई एवढाच होता.