पद्मिनी विकणे आहे

जुनी मोटार वर्षानुवर्षे कव्हराखाली झाकून ठेवून अखेरीस ती विकायला काढणाऱ्या गृहस्थांचा एक स्वतंत्र वर्ग पुण्या-मुंबईच्या जुन्या सोसायट्यांत आढळतो. त्याची मोटार बहुधा प्रीमियर पद्मिनी असते, म्हणजे वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने बांधलेली, १०८९ सीसी इंजिनाची गाडी. तिचे उत्पादन बंद होऊन दोन तपे लोटली, तरी तिला ‘आमची फियाट’ म्हणण्याचा प्रघात या वर्गाने सोडलेला नाही.

विक्रीचा निर्णय हा गृहस्थ सहसा स्वतः घेत नाही. इमारत पुनर्विकासाला गेल्यामुळे किंवा सुनेच्या नव्या गाडीला जागा हवी असल्यामुळे तो त्याच्यावर येऊन पडतो. ‘गाडी चालू, किरकोळ काम’ अशी जाहिरात तो देतो व तीत असत्य काही नसते, कारण शेवटची उभी केली तेव्हा गाडी खरोखरच चालू होती. किरकोळ कामांत कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण इंजिनाला पुरवणारा भाग, हा आटलेल्या पेट्रोलच्या चिकट थराने चोंदलेला असतो. ब्रेकचे व्हील सिलिंडर, म्हणजे पायाच्या दाबाने चाकातले ब्रेक-शू ड्रमवर दाबणारे लहान सिलिंडर, गंजून जाम झालेले असतात. बॅटरी निकामी असते आणि वायरिंगवर उंदरांनी आपला हक्क बजावलेला असतो. पायाखालची मॅट उचलल्यावर पत्र्याच्या भोकातून पार्किंगची फरशी दिसली, तर ‘पावसाचे पाणी आत साठत नाही’ असा खुलासा तो न विचारता करतो. इंजिन सुरू करून दाखवण्याची सोय नसल्याने तो दार लावून दाखवतो आणि त्या ‘धप्प’ आवाजानंतर हल्लीच्या पत्र्याविषयी बोलू लागतो.

गिऱ्हाईकाने गाडी तपासावी ही बाजाराची रीत असली, तरी येथे तपासणी गिऱ्हाईकाची होते. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर टाकता येतो का, थंडीत चोक किती ओढावा, गाडी उन्हात तर उभी राहणार नाही ना, या प्रश्नांत तरुण गिऱ्हाईक गारद होते. भंगारवाल्याला तर फाटकाच्या आत पाऊलही टाकू दिले जात नाही. किंमत ठरवताना आजवरच्या सर्व दुरुस्त्यांचा खर्च धरला जातो, पण पुढच्या दुरुस्त्यांचा खर्च वजा होत नाही, कारण त्या किरकोळ असतात.

खरा पेच एखाद्या चक्रमाने सांगितलेली किंमत निमूटपणे मान्य केली म्हणजे निर्माण होतो. अशा वेळी या गृहस्थाला २०२१ चे केंद्रीय नियम आठवतात, ज्यांनुसार ‘व्हिंटेज’ हा दर्जा पहिल्या नोंदणीला ५० वर्षे पूर्ण झालेल्या वाहनालाच मिळतो. १९८४ सालच्या गाडीला तो २०३४ मध्ये मिळेल, तेव्हा आज विकणे हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार होय, हे तो गिऱ्हाईकाला त्याच्याच हिताचे म्हणून पटवून देतो, चहा पाजून त्याची बोळवण करतो आणि जाहिरात मात्र चालू ठेवतो. कारण गाडीविषयी आस्थेने ऐकून घेणारी माणसे घरात उरलेली नसतात, ती जाहिरातीनेच मिळवावी लागतात.