लॉग कोण ठेवतं?

तुमच्या सोसायटीत ते नाहीत, असं सांगू नका. तुमच्याकडे त्यांना भाऊ म्हणत असतील नाहीतर काका. आमच्या कोथरूडच्या इमारतीत त्यांना नाना म्हणतात. निवृत्त इंजिनिअर, खिशात टेस्टर, लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर काकूंची टिकली आणि तोंडात एकच प्रश्न : "ते सगळं ठीक आहे, पण लॉग कोण ठेवतं?"

लॉग म्हणजे इंटरनेटवर कोण कुठे आलं-गेलं याची नोंद. पण हा प्रश्न इंटरनेटपुरता ठेवतील तर ते नाना कसले? दूधवाल्यानं कॅलेंडरवर खाडे मांडलेले दिसले की विचारतात. सत्यनारायणाला कुणाकडे किती पाकिटं आली याची वही निघाली की विचारतात. सोसायटीत नवा वॉचमन आला आणि त्यानं रजिस्टर पुढे केलं, तेव्हा नानांनी आधी त्याचीच मुलाखत घेतली.

"हे भरलं की काय करतोस?"

"रद्दीत जातं, साहेब."

"किती दिवसांनी?"

"पानं संपली की."

नाना प्रसन्न झाले. त्या आनंदात त्यांनी रजिस्टरमध्ये सही केली, पण नावाच्या रकान्यात 'रहिवासी' एवढंच लिहिलं.

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. मूळ याचिका करणारे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी तेव्हा नव्वदी ओलांडलेले होते, हे नानांना विशेष आवडतं. त्या संध्याकाळी त्यांनी घरोघरी पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी, त्यामुळे लोकांना वाटलं गणपतीचेच. मी विचारलं, "कशाचे हो नाना?" नाना म्हणाले, "खासगी कारण आहे."

तर अशा माणसाला मी सहज विचारलं, की प्रवासात विमानतळाचं, हॉटेलचं वायफाय वापरावं लागतं, तिथली आपली ये-जा झाकणारं एखादं बरं व्हीपीएन सांगा. नानांनी आधी दार लावलं. मग खिडकी लावली. मग काकूंना चहा टाकायला सांगितला. पुढच्या प्रवचनाच्या लांबीचा अंदाज मला चहावरूनच यायला हवा होता. काकूंनी थर्मास भरून आणला.

"फुकटचं घेणार असशील तर आत्ताच ऊठ," नाना म्हणाले. "ओनाव्हो आठवतं? फेसबुकनं २०१३ मध्ये विकत घेतलेली कंपनी. लोकांना सांगितलं, तुमचं संरक्षण करतो. आणि लोक कुठली ॲप किती वापरतात, ते त्यातूनच बघत बसले. ओरड झाली, तेव्हा २०१९ मध्ये गाशा गुंडाळला. फुकट संरक्षण! लॉग कोण ठेवतं?"

"मग पैसे भरून घेतो."

"कुणाचं? ज्याच्या जाहिरातीत सवलत आज रात्री बारा वाजता संपते, त्याचं? ती गेल्या पाडव्यापासून रोज रात्री बारा वाजता संपते आहे."

"परीक्षणं वाचून ठरवतो."

या वाक्याची ते वाटच बघत होते. "केप टेक्नॉलॉजीज. २०२१ मध्ये आधी व्हीपीएनची परीक्षणं छापणारी कंपनी घेतली, आणि त्याच वर्षी ९३.६ कोटी डॉलरना एक्स्प्रेसव्हीपीएन घेतलं. म्हणजे स्थळ सुचवणारा मध्यस्थ निघाला मुलीचाच मामा! मुलगी चांगली असेलही रे. पण मामाचं ऐकून होकार द्यायचा का?"

थर्मास अर्धा झाल्यावर सरकार आलं. २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेनं काढलेला आदेश नानांना पाठ आहे. व्हीपीएन विकणाऱ्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, फोन, त्याला दिलेला आयपी पत्ता हे सगळं नोंदवायचं आणि त्यानं सेवा बंद केल्यावरही पाच वर्षं जपायचं. मग एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी आपले सर्व्हर भारतातून उचलले. एक्स्प्रेसव्हीपीएन तर भारतीय पत्ता सिंगापूर आणि ब्रिटनमधल्या यंत्रांवरून देऊ लागलं. "आणि सेवा कशासाठी घेतली, तेही लिहून घ्यायचं म्हणे! काय लिहायचं माणसानं?"

"खासगी कारण," मी म्हणालो. नाना पहिल्यांदाच माझ्याकडे आदरानं बघू लागले.

या सगळ्याचं तात्पर्य ठरलेलं होतं : घरी बसव. नानांनी स्वतः बसवलंय. देवघराशेजारच्या फळीवर बाकरवडीचा रिकामा डबा, त्याला हवेसाठी पाडलेली भोकं, आणि आत पत्त्यांच्या कॅटाएवढा रास्पबेरी पाय नावाचा संगणक, त्याचा हिरवा दिवा रात्रंदिवस लुकलुकत. काकूंचं म्हणणं, समईपेक्षा याचीच काळजी जास्त घेतली जाते. आतलं सॉफ्टवेअर वायरगार्ड. जेसन डोननफेल्डनं लिहिलेलं, सुमारे ४,००० ओळींचं, मार्च २०२० पासून थेट लिनक्सच्या गाभ्यात बसलेलं. नाना म्हणतात, आपल्या सोसायटीच्या उपविधींपेक्षा वाचायला सोपं आहे. झोप आली नाही की ते यातलं एक काहीतरी वाचतात. उपविधी जास्त गुणकारी आहेत.

पण डबा बसवला म्हणजे काम झालं असं नाही. इंटरनेट कंपन्या हल्ली पुष्कळदा अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. घरातून बाहेर जाता येतं. बाहेरून नेमकं तुमच्या घरात येता येत नाही. नानांनी आमच्या भागातल्या कंपनीला फोन लावला.

"सर, नेट चालतंय ना?"

"चालतंय. पण पत्ता माझा नाही."

"पत्ता बदललाय का सर? मग नवीन फॉर्म भरावा लागेल."

"अरे, घराचा पत्ता माझाच आहे. आयपी पत्ता माझा नाही!"

"सर, राउटर एकदा बंद करून चालू करा."

शेवटी स्वतंत्र आयपी मिळाला, महिन्याला जादा पैसे भरून. त्यासाठी नानांनी फॉर्म भरला, फोटो चिकटवला, आधारची प्रत दिली आणि 'कशासाठी हवा' या रकान्यात निमूटपणे 'घरगुती वापर' लिहिलं. ती प्रत कोण ठेवतं, हे त्या दिवशी त्यांनी विचारल्याचं कुणाला आठवत नाही.

बी विंगमधला संगणकशास्त्र शिकणारा मुलगा मात्र सोडेना. "नाना, घरच्या व्हीपीएनमधून सगळी ये-जा शेवटी तुमच्याच कनेक्शनवरून होणार. बिल तुमच्या नावावर. मग लपलं काय?"

"हॉटेलच्या वायफायवाल्यापासून लपलं."

"आणि इंटरनेट कंपनीपासून?"

"तुझी परीक्षा कधी आहे रे?" नानांनी विचारलं.

आता एवढा सावध माणूस. पण परवा कर्वे रस्त्यावरच्या एका हॉटेलात जेवायला गेलो, तर तिथल्या अभिप्रायाच्या कागदावर नानांनी नाव, मोबाइल, जन्मतारीख आणि लग्नाचा वाढदिवस सुवाच्य अक्षरात लिहिला. कागद भरून देणाऱ्याला एक गुलाबजाम मोफत होता. मी हळूच विचारलं, "नाना, लॉग कोण ठेवतं?" पाक पुसत ते म्हणाले, "गुलाबजाम ताजा होता."

मी हे व्यक्तिचित्र इथंच संपवणार होतो. पण एका सकाळी सातच्या सुमाराला पंपाची किल्ली मागायला नानांकडे गेलो. ते चहाचा कप घेऊन लॅपटॉपसमोर बसले होते. काळ्या पडद्यावर त्यांनी दोन शब्दांची आज्ञा दिली आणि वायरगार्डनं चार ओळी दाखवल्या. कोण जोडलेलं आहे, किती डेटा गेला-आला, आणि शेवटचा हँडशेक, म्हणजे दोन्हीकडची ओळख पटवणं, कधी झाला : १ मिनिट १२ सेकंदांपूर्वी.

"आहे तो," नाना स्वयंपाकघराच्या दिशेनं म्हणाले.

"बरं," आतून काकू म्हणाल्या.

तो म्हणजे मुलगा. न्यू जर्सीत असतो. भारतातल्या काही सरकारी वेबसाइट परदेशातून उघडत नाहीत, मॅचचं प्रक्षेपणही इथल्यासारखं दिसत नाही. बाबांच्या डब्यातून आलं की तो पुण्यात असतो. फोन करायला त्याला वेळ होतोच असं नाही. डबा मात्र तो जवळजवळ रोज वापरतो. मला तेव्हा कळलं, की दर गुरुवारी दुरुस्तीला वीज गेली की नाना एवढे कासावीस का होतात आणि त्या डब्याला वेगळी बॅटरी का आहे.

"तो काय बघतो, तेही कळत असेल ना तुम्हाला?" मी विचारलं.

"मनात आणलं तर बरंच कळेल. सर्व्हर माझा आहे." नानांनी लॅपटॉप मिटला. "लॉग बंद करून ठेवलेत. पहिल्याच दिवशी."

तेव्हा माझं मत असं. व्हीपीएन विकत घ्या नाहीतर घरी बसवा, तुमची ये-जा कुणाला तरी दिसणारच. कंपनी निवडताना तिची सवलत नंतर बघा. मालक कोण, सर्व्हर कुठे आणि नोंदी किती दिवस राहतात, हे आधी बघा. पण बघता येत असून न बघणारा माणूस कुठल्याच प्लॅनमध्ये मिळत नाही. तुमच्या इमारतीत असा कुणी असेल तर त्याचं प्रवचन थर्मास संपेपर्यंत ऐकून घ्या. फक्त त्याच्या घरी गेलात, की मोबाइल चार्ज करायला देवघराशेजारचा प्लग तेवढा काढू नका. न्यू जर्सीत कुणाचं तरी पुणं बंद पडतं.