व्हाया काष्टी

शिरूरच्या एका चहाच्या टपरीवर बसून आम्ही दर रविवारी लंडनला जातो. आम्ही म्हणजे चौघं. दोघांच्या गाड्यांचे हप्ते चालू आहेत, एकाला मणक्याचा त्रास आहे आणि माझ्याकडे २०११ सालची स्प्लेंडर आहे. मोबाइलवर नकाशा उघडायचा, शिरूरवर बोट ठेवायचं आणि वरच्या अंगाला सरकवत न्यायचं. पहिल्या चहाला आम्ही अमृतसर गाठतो. दुसऱ्या चहालाही बोट तिथंच असतं, कारण अटारीचं फाटक एप्रिल २०२५ पासून बंद आहे.

मग वळसे सुरू होतात. नेपाळला आपल्याला व्हिसा नको, गाडीचा तेवढा भन्सार भरायचा. पण त्याच्या पुढं तिबेट, म्हणजे चीन. तिथं गाडीवाल्याबरोबर गाईड सक्तीचा, लायसन चिनी, आणि गाईडच्या जेवणाखाण्याचा भार आपल्या खिशावर. म्यानमारकडून जावं, तर २०२१ च्या लष्करी उठावानंतर त्या वाटेचं नाव काढायला नको. उरला समुद्र. गाडी खोक्यात भरून बोटीनं दुबईला धाडायची, तिथून इराण. थोडक्यात, लंडनला मोटरसायकलवरून जायचं तर आधी मोटरसायकलीला जहाजात बसवायचं.

गाडीला पासपोर्टही लागतो. त्याला कार्नेट म्हणतात आणि ते मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन देते. त्यासाठी हमी म्हणून बरीच मोठी रक्कम अडकवून ठेवायची. देशात शिरताना त्यावर एक शिक्का, बाहेर पडताना दुसरा. बाहेरचा राहिला की तुम्ही गाडी तिथंच विकली असं धरून जकातीची मागणी येते. माझी स्प्लेंडर शिरूरचा भंगारवालासुद्धा ‘राहू द्या की’ म्हणून परत करतो. ती परमुलखात कुणीतरी हौसेनं विकत घेईल अशी भीती बाळगणाऱ्या सरकारांबद्दल मला आदरच वाटतो.

इराणनं फेब्रुवारी २०२४ मध्ये भारतीयांना १५ दिवसांसाठी व्हिसा माफ केला, तेव्हा टपरीवर जादा भजी सांगितली गेली. भजी येईपर्यंत बारीक अक्षरातला मजकूर वाचून झाला: माफी फक्त विमानानं येणाऱ्यांना. गाडीवरून आलात तर व्हिसा काढा. (पुढं नोव्हेंबर २०२५ मध्ये विमानवाल्यांचीही माफी गेली.) बाकीचे तिघं चिडले. माणूस तोच, पासपोर्ट तोच, मग बसायची जागा बदलल्यानं काय होतं? मी गप्प भजी खात होतो. मला हा नियम २०२० पासून पाठ आहे. माझी सासुरवाडी दौंडची.

शिरूर आणि दौंड, दोन्ही तालुके पुणे जिल्ह्यातले. सरळमार्गी माणूस न्हावरा, चौफुला, पाटस असा जिल्ह्यातल्या जिल्ह्यात दौंडला जातो. जावई मात्र न्हावऱ्यावरून इनामगावाकडं वळतो, घोडनदी ओलांडून काष्टीला निघतो आणि तिथून भीमेच्या पुलावरून दौंडात उतरतो. जवळ पडतं. पण काष्टी श्रीगोंदा तालुक्यात, म्हणजे नगर जिल्ह्यात. (आता अहिल्यानगर; तोंडाला अजून वळण पडायचंय.) आर्मेनिया आणि तुर्कस्तान एकमेकांना खेटून आहेत, पण त्यांची सीमा १९९३ पासून बंद, म्हणून गाडीवाले जॉर्जियातून वळसा घेतात. आमच्याकडं घरातला रस्ता उघडा असताना लोक जवळ पडतं म्हणून परदेशातून जात होते, आणि हा परदेश आहे हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. ते टाळेबंदीत कळलं. जिल्ह्याची हद्द ओलांडायची तर ई-पास.

२४ ऑगस्ट २०२०, सोमवार. दुसऱ्या दिवशी गौरी यायच्या होत्या आणि आमच्या घरची गौर दौंडला, आईच्या मोतीबिंदूसाठी गेलेली. मेव्हण्याचा फोन आला. “दाजी, चौफुल्यावरनं कशाला तडमडता? काष्टीवरनं या. कुणी नसतं.”

घोडनदीच्या पुलाच्या पलीकडच्या टोकाला दोघं होते. छत्री, खुर्ची आणि एक बॅरिकेड.

“कुठून?”

“शिरूर.”

“कुठं?”

“दौंड.”

साहेबांनी मास्क खाली घेतला, माझ्याकडं नीट पाहिलं आणि परत वर केला. “म्हणजे पुणे जिल्ह्यातून पुणे जिल्ह्यात?”

“हो.”

“मग इकडं काय करताय?”

माझ्यापाशी ‘जवळ पडतं’ एवढंच उत्तर होतं. “जिल्ह्यातल्या जिल्ह्यात पास लागत नाही ना, साहेब,” मी वर कायदाही काढला.

“जिल्ह्यातल्या जिल्ह्यात असता तर नसता लागला,” ते शांतपणे म्हणाले.

बिनतोड होतं. गाडी वळवली. अलीकडच्या टोकाला, जिथं दहा मिनिटांपूर्वी चिटपाखरू नव्हतं, तिथं आता एक हवालदार उभे होते.

“कुठून आलात?”

“पुलावरून.”

“पुलाच्या पलीकडं काय आहे?”

“नगर जिल्हा.”

“म्हणजे नगरहून आलात. पास?”

“अहो, मी आत्ता इथूनच गेलो!”

“तेव्हा आम्ही चहाला गेलो होतो.”

कार्नेटवर बाहेरचा शिक्का राहिला तर काय होतं, हे टपरीवर पुढं पाच वर्षांनी मला कुणी समजावून सांगायला लागलं नाही.

मग मी पुलाच्या मध्यावर गाडी उभी केली आणि दोन जिल्ह्यांच्या मधोमध बसलो. मोबाइलवर पासाचा अर्ज उघडला. प्रवासाची सुरुवात: पुणे जिल्हा. शेवट: पुणे जिल्हा. ‘मधून’ असा रकाना कुठं दिसेना. कारणाच्या जागी ‘गौरी’ लिहून धाडून दिला. अर्ज विचाराधीन असल्याचा मेसेज आला.

बसल्या बसल्या विचार सुचतात. मागं इनामगाव होतं. साडेतीन हजार वर्षांपूर्वी शेती करणाऱ्या माणसांची वस्ती डेक्कन कॉलेजनं तिथं खणून काढली आहे. ती माणसं नदीपलीकडं जाताना कुणाला काय दाखवत असतील? आणि आमच्या शिरूरच्या छावणीत १८०९ मध्ये वारलेला तो कर्नल वॉलेस! सातासमुद्रापलीकडून तोफा-बंदुका घेऊन आला, त्याला कुणी पास विचारला नाही. उलट आसपासचे लोक त्याच्या थडग्याला सत्पुरुष म्हणून नैवेद्य दाखवू लागले. जुन्या गॅझेटियरात तशी नोंद आहे. माझ्या डिकीत पुरणाची डाळ आणि दोन नारळ होते.

तेवढ्यात दीडशे मेंढरं आणि एक धनगर माझ्या अंगावरून पलीकडं गेले. बॅरिकेड बाजूला झालं. मागून एसटी आली. तिच्यासाठीही झालं. आत माणसं होती, त्यांतला एक जण तर खिडकीतून हात बाहेर काढून शिंकला. एसटीला २० ऑगस्टपासून परजिल्ह्याची मोकळीक मिळाली होती आणि तिच्यातल्या माणसाला पास लागत नव्हता. स्वतःच्या गाडीवर एकटा, तोंड बांधून बसलेल्याला लागत होता.

सासऱ्यांना फोन लावला. सगळी हयात रेल्वेत गार्ड म्हणून गेलेली. त्यांना थांबलेल्या माणसाचं दुःख कळतं, पण घाई कळत नाही. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, “जावईबापू, पुण्याहून मनमाडकडं जाणारी गाडी आमच्या दौंडला येऊन काय करायची?”

“थांबायची.”

“थांबून?”

“इंजिन काढून दुसऱ्या तोंडाला लावायचे.”

“मग काढा की इंजिन.”

हवालदारांनी स्प्लेंडर बाभळीखाली लावून घेतली. “जावा तुम्ही, मी बघतो,” म्हणाले, आणि पाऊण तासानं आलेल्या एसटीला स्वतः हात केला. माणूस वाईट नव्हता, नियम त्याला जसा आला तसा तो पाळत होता. डाळ आणि नारळ घेऊन मी चढलो. पलीकडच्या साहेबांनी आत डोकावून मला ओळखलं.

“काय पाव्हणं, गावला का पास?”

“नाही. एसटी गावली.”

“मग चला.”

बायकोला घेऊन येताना चौफुल्यावरून आलो. गौरी वेळेवर बसल्या. विसर्जनानंतर बाभळीखालून गाडी आणली, तेव्हा सीटवर कावळ्यानं शिक्का मारलेला होता.

२ सप्टेंबरपासून राज्यानं जिल्ह्याजिल्ह्यांतला पासच रद्द केला. त्यानंतर ३ दिवसांनी माझ्या अर्जाचं उत्तर आलं: नामंजूर, प्रवास एकाच जिल्ह्यात असल्यानं पासाची आवश्यकता नाही.