दुःखं हजर आहेत

क्लासच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने एक स्पॅनिश नाव घ्यायचं, अशी आमच्या मॅडमची पद्धत. फळ्यावर पंधरा-वीस नावं लिहिलेली होती. बँकेतून निवृत्त झालेली मी वर्गात सगळ्यांत थोरली, म्हणून पहिला मान माझा. 'पिलार' पित्ताच्या गोळीसारखं वाटलं. 'दोलोरेस' मात्र कानाला डोलल्यासारखं लागलं. झोपाळा, संध्याकाळ, वगैरे. घेतलं. वहीवर मार्करने ठळक लिहूनही टाकलं.

माझं खरं नाव आनंदी. हे सांगायला हवं, कारण चौथा धडा 'डॉक्टरकडे' असा होता. त्यात पेशंट म्हणतो, 'तेंगो दोलोर दे काबेसा.' माझं डोकं दुखतंय. काबेसा म्हणजे डोकं, हे आधीच शिकवून झालेलं. मग उरलं काय, ते सगळ्या वर्गाने एकदमच ताडलं आणि माना माझ्याकडे वळल्या. दोलोर म्हणजे दुखणं, दुःख. दोलोरेस हे त्याचं अनेकवचन. घरी सांगितलं तर हे पेपरमधून मान वर न करता म्हणाले, "एकावर भागलं नसतं का?"

मला वाटलं, आपल्याकडे दृष्ट लागू नये म्हणून धोंडू, दगडू ठेवायचे तसला प्रकार असेल. तसं नाही. पूर्ण नाव 'मारिया दे लोस दोलोरेस', दुःखांची मारिया. आपण देवीच्या नावांतून मुलींची नावं काढतो, तशी तिकडे येशूच्या आईच्या रूपांतून काढतात. सोलेदाद म्हणजे एकटेपणा. पिलार म्हणजे खांब, सारागोसाच्या खांबावरच्या मारियेवरून. गोव्यातलं पिलारही तिच्याच नावाचं. मर्सेदेस म्हणजे कृपा, तीही अनेकवचनी. एमिल येलिनेक नावाच्या व्यावसायिकाच्या लेकीचं हे नाव 1901 साली डाइमलरच्या गाडीला लागलं आणि कृपेची किंमत कायमची वाढली. दुःखं कोण बॉनेटवर लावणार?

मारियेची दुःखं मोजून सात, त्यांचा सण 15 सप्टेंबरला. मॅडमनी मोबाइलवर सेव्हिलच्या मिरवणुकीतली मूर्ती दाखवली. जरीकामाचा मखमली झगा, छातीत रुतलेला खंजीर, गालांवर काचेचे अश्रू. सातांतलं तिसरं दुःख मला लगेच पटलं: बारा वर्षांचा येशू जत्रेहून परतताना मागे राहिला आणि तीन दिवस सापडेना. आमचा चिरंजीव तुळशीबागेत पंधरा मिनिटं हरवला होता. सापडला तेव्हा भातुकलीच्या दुकानासमोर बसून चक्क भेळ खात होता. त्या पंधरा मिनिटांत एक खंजीर माझ्याही छातीत होताच, फक्त मिरवणूक कोणी काढली नाही.

मॅडम म्हणाल्या, स्पेनमध्ये हा अर्थ कोणाच्या कानावर पडतच नाही. दोलोरेसची लगेच लोला होते आणि लोला मजेत नाचते-गाते. हे मात्र मला पटलं. माझी मामेबहीण अपर्णा. पार्वतीने तपात झाडाचं पानसुद्धा खाणं सोडलं, म्हणून ती अपर्णा. आमच्या अपर्णेने अळूवडीचं पान आजवर सोडलेलं नाही, आणि कोणाला त्यात काही खटकलेलंही नाही.

अर्थ अंगाला लावून घेतलेली एक दोलोरेस मात्र होती. दोलोरेस इबारुरी, बास्क खाणकामगाराची मुलगी. 1918 साली पवित्र आठवड्यात पेपरात पहिला लेख लिहिला तेव्हा तिने टोपणनाव घेतलं 'पासियोनारिया', म्हणजे कृष्णकमळ. तिकडे ते फूल येशूच्या यातनांचं. दुःखांवर पुन्हा यातना! तीच बाई 1936 साली माद्रिदच्या रेडिओवरून बंडखोर लष्करी फौजांना उद्देशून 'नो पासारान' म्हणाली. पुढे येऊ देणार नाही. मला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एवढंसुद्धा ठणकावून म्हणता आलेलं नाही.

"नाव बदलायचंय का?" मॅडमनी विचारलं. हल्ली तिकडे दोलोरेस म्हटलं की बहुतेक आजीच निघते, असंही त्यांनी हळूच सांगितलं. मीही आजीच. शिवाय मार्कर पुसला जात नाही. हजेरी सुरू झाली.

"दोलोरेस?"

"प्रेसेंते," मी म्हणाले.

मागच्या बाकावरचा इंजिनिअरिंगचा पोरगा शेजाऱ्याला भाषांतर करून सांगत होता, "दुःखं हजर आहेत."