झॅमलचं सोवळं

लिहायचं एक्सएएमएल, म्हणायचं ‘झॅमल’. पहिला धडा हाच. 2006 साली डब्ल्यूपीएफबरोबर आलेल्या या भाषेत बटण काढायचं नसतं, नुसतं ‘मांडायचं’ असतं म्हणे. ग्रिडमध्ये मांडलं. अख्ख्या खिडकीभर पसरलं, लग्नघरात दुपारी गादीवर आडव्या झालेल्या काकांसारखं.

बॉर्डरच्या पोटात मूल एकच. दुसरं घातलं की भाषा कुटुंबनियोजनाचं व्याख्यान देते. मग दोघांना स्टॅकपॅनेलच्या बोचक्यात बांधायचं आणि बोचकं एक म्हणून आत सरकवायचं. चालतं! मार्जिन डावं, वर, उजवं, खाली. सीएसएसवाले वरून सुरुवात करतात. प्रदक्षिणा तीच, नारळ फोडायची जागा निराळी.

टॅग बंद करायला विसरलात तर बिल्डच होत नाही, इतकं कडक सोवळं. पण बाइंडिंगमध्ये ‘नेम’चं स्पेलिंग चुकलं तर चकार शब्द नाही! ॲप हसतमुखाने उघडतं, चौकट कोरी. मी दीड तास डेटाबेसला शिव्या घातल्या. तक्रार केव्हाच नोंदवलेली होती, खाली आउटपुटच्या खिडकीत, जी मी पहिल्याच दिवशी ‘उगाच जागा खाते’ म्हणून बंद केली होती.